टेप, तार आणि दहा मिनिटं

(टेबल. पिवळी टेप, पत्रा कापायची कात्री. कात्रीचा मूळ आवाज ठेवावा.)

सुताराची टेप. बटण दाबलं की सळसळत परत आत जाणारी. ही मात्र आता आत जाणार नाही, हिची अँटेना होतेय, माझ्या हौशी रेडिओसाठी, म्हणजे छंद म्हणून बिनतारी सेटवर जगाशी बोलायचं त्यासाठी. तीन तुकडे झालेत, चौथा होतोय.

चित्रीकरण माझ्या मुलीचं आहे, फोनवर केलेलं. जिथे तिला मजा आली तिथे कॅमेरा जास्त रेंगाळलाय. हरकत नाही, मलाही तिथेच मजा आली.

सगळ्यांत लांब तुकडा मागे, तो रिफ्लेक्टर. सगळ्यांत आखूड पुढे, तो डायरेक्टर. मधला दोन भागांत कापलेला, केबल त्याला जोडायची. दोन मीटर बँड, म्हणजे साधारण दोन मीटर लांबीच्या लहरींचा पट्टा. त्याची अर्धी तरंगलांबी मीटरभर, म्हणून तुकडेही त्याच मापाचे. १९२६ मध्ये जपानमध्ये शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी ही रचना मांडली. टीव्हीसाठी छपरावर माशाच्या काट्यासारखं जे उभं असायचं, ते हेच.

(जवळून : पॉलिश पेपर, सोल्डरिंग.)

टेपवरचा रंग वीज जाऊ देत नाही. तो घासायचा, खालचं स्टील चमकेपर्यंत. मग फ्लक्स, मग सोल्डर. स्टीलची पट्टी उष्णता अशी पसरवते की घाई केली तर सोल्डरची गोळी होऊन घरंगळते. ही बघा, घरंगळली. दुसऱ्या वेळी पट्टी आधी नीट तापू दिली, तेव्हा कुठे ते पाण्यासारखं पसरलं.

दोन भागांमध्ये हा यूच्या आकाराचा तारेचा तुकडा. दिसतो केसांच्या पिनेसारखा, म्हणून नावही हेअरपिन. तो नसेल तर अँटेनाचं आणि केबलचं जमत नाही. सेटमधून निघालेली काही ताकद आल्या वाटेने परत फिरते.

ते जमलंय का, हे अँटेना तपासायच्या यंत्राच्या या छोट्या पडद्यावर कळतं. रेघ जिथे दरीसारखी खाली उतरते, तिथे अँटेना सुरात आहे. आमची दरी १४२ मेगाहर्ट्झवर. हवी १४६ च्या जवळ. म्हणजे पट्ट्या लांब झाल्यात. दोन्हीकडून अर्धा अर्धा सेंटिमीटर. पुन्हा बघायचं. पुन्हा अर्धा. तिसऱ्या कापाला दरी सरकत सरकत जागेवर आली. पट्ट्यांवरचे सेंटिमीटरचे आकडे अजून वाचता येतात, हा एक फायदाच.

त्याच पाइपवर, काटकोनात, दीड वितीच्या पाच पट्ट्या. ही सत्तर सेंटिमीटर बँडची अँटेना. बोलायचं एकीवर, ऐकायचं दुसरीवर.

लोक भेटले की विचारतात, सेट कुठला? अँटेना कुठली, असं अजून एकानेही विचारलेलं नाही. या फिल्ममध्ये सेट फारसा दिसणार नाही, तो त्यामुळेच.

(जुनी छायाचित्रं.)

टेप कापणारा मी पहिला नाही. २३ जानेवारी १९७० ला ऑस्कर ५ अवकाशात गेला. मेलबर्न विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला हौशी रेडिओचा उपग्रह. त्याच्या अँटेना सुताराच्या स्टीलच्या टेपच्या होत्या. दुमडून ठेवायच्या, वर गेल्यावर सोडायच्या. ताठ होणं हा तर टेपचा स्वभावच.

आणि हा ऑस्कर ७. १५ नोव्हेंबर १९७४ चा. १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट झाली, उपग्रह मुका झाला. सगळ्यांनी त्याच्यावर पाणी सोडलं. २१ जून २००२ ला तो पुन्हा ऐकू आला. शॉर्ट झालेली बॅटरी आतून तुटली असावी. त्यामुळे सौर पट्ट्यांची वीज थेट यंत्रणेला मिळू लागली. तेव्हापासून ऊन असलं की बोलतो, पृथ्वीच्या सावलीत गेला की गप्प.

(रात्र. हेडफोन, वही, लॉगचा पडदा.)

ऑक्टोबरचा शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार. सीक्यू वर्ल्डवाइड, जगभरच्या हौशी स्टेशनांशी बोलून गुण मिळवायची, आवाजाची स्पर्धा. जागतिक वेळेनुसार शनिवारी शून्य वाजता सुरू, ४८ तासांनी बंद. देवाणघेवाण एवढीच : ५९ आणि तुमच्या झोनचा आकडा. जगाचे ४० झोन पाडलेत. दुसऱ्या खंडातलं स्टेशन मिळालं तर ३ गुण, आपल्याच देशातलं मिळालं तर शून्य. पण त्या बँडवर नवा देश किंवा नवा झोन सापडला की सगळ्या बेरजेला गुणणारा आकडा एकाने वाढतो. त्यामुळे शून्य गुणांच्या स्टेशनच्याही मागे लागावं लागतं.

५९ म्हणजे खणखणीत ऐकू येतंय. स्पर्धेत सगळे सगळ्यांना ५९ देतात. समोरच्याला पाच वेळा कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं ओळखनाव, विचारून शेवटी ‘फाइव्ह नाइन’ म्हणणारे महाभाग आहेत. मी त्यांतलाच.

खिडकीबाहेरची ही तार, एकूण दहा मीटर, मधोमध केबल. वीस मीटर बँडचा डायपोल. दिवसा दहा आणि पंधरा मीटरवर गजबज, सूर्य मावळला की चाळीस आणि ऐंशीवर. त्यांच्या तारा वेगळ्या, इथे दिसत नाहीत. शंभर वॅट घेऊन मोठ्या स्टेशनांच्या गर्दीत शिरायचं तर ओरडून भागत नाही. सगळे एकदम तुटून पडतात, थांबतात. त्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात, एकदाच, स्वच्छ कॉलसाइन. ते साधलं तर साधलं.

(मागून मुलीचा आवाज : “बाबा, तू कुणावर ओरडतोयस?”)

दुसऱ्या रात्री पाऊस. अँटेनाकडून परत फिरणारी ताकद दाखवणाऱ्या मीटरचा काटा अचानक वर. स्पर्धेत कुणी कॅमेरा उचलत नसतं, पण तिने उचलला. हा कनेक्टर उघडला. पाणी बघा, थेंब थेंब पडतंय. केबलच्या आतली तांब्याची जाळी लखलखीत असायला हवी. ती हिरवट-काळी झालीय. चांगलं तांबं दिसेपर्यंत केबल मागे कापत गेलो. वीतभर गेली. नवा कनेक्टर, वरून आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी, आणि केबलला खाली एक झोळ, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता झोळातून टपकून जाईल. हा झोळ पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता. मला माहीत होतं, कंटाळा केला.

दोन तास गेले, क्रमांक खाली गेला, नंतर आयोजकांच्या तपासणीत चुकीचे लिहिलेले काही कॉलसाइनही कापले गेले. असो.

(गच्ची. संध्याकाळ. हातात टेपची अँटेना.)

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक, चारशे किलोमीटरवर, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत फार तर दहा मिनिटं. त्यावर हौशी रेडिओचा रिपीटर आहे. आपण १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झच्या टोनसकट बोलायचं, तो ते ४३७.८०० वर खाली पाठवतो.

पण ४३७.८०० वर तो सुरुवातीला सापडत नाही. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी लागते, तसंच इथे. उगवताना ४३७.८१०, मग पाच-पाच किलोहर्ट्झ खाली, मावळताना ४३७.७९०. एका हाताने हे चॅनेल, दुसऱ्या हाताने अँटेना, आणि मनगट फिरवत राहायचं, कारण येणाऱ्या लहरींची आडवी-उभी बैठक फिरते. आवाज बुडाला की पाव वळण द्या. हे बघा, वळवलं की खरखर निवळते.

चॅनेल एकच. दोघे एकदम बोलले तर जोरकस असेल तो उरतो. म्हणून कॉलसाइन, ग्रिड (नकाशावरचा आपला चौकोन), धन्यवाद, ७३ (म्हणजे शुभेच्छा). संपलं.

(पुढचे चाळीस सेकंद निवेदन नाही. मूळ आवाज.)

समोरचा किती दूर होता ते नंतर नकाशावर मोजलं. इथे फक्त अँटेना खाली येताना दिसते, आणि टेपचं एक टोक अजून हलतंय.

स्थानकाचा पुढचा पास, म्हणजे आकाशातून जायची पुढची फेरी, दीड तासाने होता. त्या वेळी अँटेना मुलीच्या हातात होती, त्यामुळे त्याचं चित्रीकरण नाही.