पाण्यातला लाल रंग

श्रोतेहो, नमस्कार.

माशांच्या टाकीत खरी झाडं लावणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. दुकानात लालभडक दिसणारं झाड घरी आणलं, आणि महिनाभरात ते हिरवट, मरगळलेलं झालं. दुकानदारानं फसवलं असंच दर वेळी नसतं. बारीक पानांच्या झाडांचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. प्रखर उजेडापासून पानाला वाचवायला झाड ते तयार करतं. उजेड मंद झाला की त्याला त्याची गरज उरत नाही.

म्हणून झाड निवडण्याआधी आपलं पाणी बघा. बादलीला, गिझरला पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे. बोअरचं पाणी बहुधा असंच असतं. अशा पाण्यात रोटाला वालिची लावू नका. सुईसारखी पानं, गुलाबी-जांभळट शेंडा, फोटोत बघितलं की जीव टांगणीला लागतो. पण त्याला मऊ पाणी, भरपूर उजेड आणि सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा सिलिंडर, तिन्ही एकदम लागतात. लाल कबोंबाचंही तेच. हौस नवी असेल तर या दोघांना दुकानातच राहू द्या.

मी सांगेन, रोटाला रोटुंडिफोलियापासून सुरुवात करा. भारतापासून जपानपर्यंत ते रानात उगवतं आणि जड पाणीही बऱ्यापैकी सोसतं. विकत मिळणारी रोपं बऱ्याचदा पाण्याबाहेर वाढवलेली असतात, त्यामुळे पानं गोल आणि जाडसर दिसतात. टाकीत गेल्यावर ती जुनी पानं गळायला लागतात. घाबरून उपटू नका. शेंड्याकडून नवी पानं येतात ती अरुंद, लांबट आणि नाजूक. तुम्हाला हवी ती हीच. उजेड चांगला असेल आणि पाण्यात नायट्रेट, म्हणजे झाडाचं नत्राचं अन्न, कमी असेल तर शेंडे गुलाबी होतात. मात्र रंगासाठी झाडाला उपाशी ठेवण्याच्या नादात खालची पानं पिवळी पडू देऊ नका. लोहाचं खत थोडं द्या. नुसतं लोह ओतून लाली येते हा मात्र गैरसमज आहे.

आणखी थोडी हौस असेल तर लुडविजिया आर्क्युआटा घ्या. पानं बारीक, रंग तांबूस-नारिंगी. मागे हिरवा आधार हवाच, तिथे अँबुलिया लावा. ती आपल्याकडचीच वनस्पती, काटक आणि भराभर वाढणारी. सगळी टाकी लाल करू नका. हिरव्या लुगड्याला लाल काठ शोभतो, तेवढाच लाल पुरे.

लावताना जुडीचा स्पंज आणि शिशाची पट्टी काढून टाका. काड्या सुट्या करून चिमट्यानं एकेक खोचा, मध्ये बोटभर अंतर ठेवा. जुडी तशीच रोवली तर आतल्या पानांना उजेड मिळत नाही आणि बुडखा कुजतो. बारीक पानांत गाळ अडकतो, त्यावर शेवाळ धरतं. म्हणून फिल्टरचा प्रवाह त्यांच्यातून हळुवार फिरू द्या. दिवा टायमरवर सहा ते आठ तास, त्याहून जास्त नको. एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी ३० अंशांवर चढतं तेव्हा झाकण उघडं ठेवून वरून छोटा पंखा लावा. आणि गोल्डफिश असतील तर हा सगळा खटाटोप सोडा. एवढी कोवळी पानं ते भाजीसारखी खाऊन टाकतात.

वाढलं की शेंडे कापून पुन्हा खोचायचे, खालच्या खुंटाला बाजूनं नवे फुटवे येतात. उरलेल्या तुकड्यांचं मात्र जपून करा. लाल कबोंबा मूळची दक्षिण अमेरिकेची; केरळात कोळिकोडजवळच्या आवळ पांडी इथं २०२० साली तिनं अख्खा ओढा गुलाबी फुलांनी भरून टाकला. लोक फोटो काढायला लोटले, पण पाणी तिनं गिळलं होतं. आपल्या पंचगंगेला जलपर्णीचाच त्रास पुरेसा आहे. तेव्हा कापलेला पाला गच्चीवर कडकडीत उन्हात वाळवून मग कुंडीत घाला. टाकीचं पाणी बदलताना ते बादलीभर पाणीही झाडांनाच घाला, गटारात नको. त्यात काड्यांचे बारके तुकडे असतात, आणि पेरभर तुकड्यालाही मुळं फुटतात.

नमस्कार.