इसांडलवानाचा दोष कुणाच्या माथी?

मंडळी, 1879 मध्ये दक्षिण आफ्रिकेत इसांडलवानाला झुलू या तिथल्या लोकांनी इंग्रजांची अख्खी छावणी कापून काढली. त्या युद्धाची गोष्ट सुरू होते आपल्या ओळखीच्या एका माणसापासून. मुंबईच्या फोर्टची तटबंदी ज्याच्या कारकिर्दीत पाडली गेली, तो गव्हर्नर सर बार्टल फ्रियर. त्याआधी तो साताऱ्याला रेसिडेंट होता. 1848 मध्ये छत्रपती आप्पासाहेब वारले, तेव्हा सातारा खालसा करू नका, दत्तकाचा हक्क माना, असं त्याने वरिष्ठांना सांगून पाहिलं. हाच माणूस तीस वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत गेला आणि लंडनची परवानगी न घेता झुलूंचा राजा सेट्श्वायो याला त्याने निर्वाणीचा खलिता धाडला: तुमची फौज मोडून टाका. कोणता राजा हे मान्य करील? युद्ध जुंपलं. मला हा बदल फार अस्वस्थ करतो.

इंग्रजी फौजेचा सेनापती होता लॉर्ड चेम्सफर्ड. उमरावांची पोरं पैसे मोजून सैन्यात अधिकारपद विकत घेत, त्या काळातला. 1844 मध्ये त्यानेही तसंच पद घेतलं. ही खरेदी बंद झाली 1871 मध्ये. पण तो ऐदी नव्हता, हेही सांगायला हवं. क्रिमिया, हिंदुस्थान, 1868 ची ॲबिसिनियाची मोहीम, सगळीकडे त्याने चाकरी केली होती. वडील मोठे वकील, पुढे लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे इंग्लंडच्या न्यायखात्याचे प्रमुख. त्यांच्यामागे सरदारकी त्याच्याकडे आली, ती युद्धाच्या जेमतेम तीन महिने आधी.

जानेवारी 1879. इसांडलवाना डोंगराच्या पायथ्याशी छावणी पडली. भोवती खंदक नाही, गाड्यांचा कोट नाही; खरं तर मोहिमेसाठी चेम्सफर्डनेच काढलेल्या सूचनांत असा बंदोबस्त करायला सांगितलं होतं. 22 तारखेला पहाट होण्याआधी निम्मी फौज घेऊन तो झुलूंच्या शोधात दहा-बारा मैल पुढे गेला. झुलूंचं मुख्य सैन्य, सुमारे 20,000 माणसं, छावणीजवळच्याच एका खोऱ्यात गुपचूप बसलं होतं. न्त्शिंगवायो हा त्यांचा सेनानी. मधली फळी बैलाच्या छातीसारखी समोरून भिडली, दोन्ही बगला शिंगांसारख्या वळल्या. दुपार कलेपर्यंत छावणीतली 1,300 हून अधिक माणसं मेली. त्यांत शेकडो आफ्रिकी शिपाई होते, हे इंग्रजी स्मारकांपुढे उभं राहिलं की विसरायला होतं. झुलूंचीही हजारभर माणसं पडली असावीत, आणि ती आपल्याच भूमीवर लढत होती.

आता दोष कुणाचा? इंजिनियर दलाचा कर्नल डर्नफोर्ड त्याच सकाळी छावणीत पोचला होता. एक हात आधीच्या चकमकीत निकामी झालेला. आपल्या आफ्रिकी घोडेस्वारांसह त्याने एका ओढ्याच्या काठी झुलूंचं डावं शिंग थोपवून धरलं आणि शेवटी तिथल्याच रणात पडला. पाचच दिवसांत चौकशी बसली. सेनापतीचा चिटणीस क्रीलॉक याने जबानी दिली की, छावणीचा ताबा घ्या, असा लेखी हुकूम डर्नफोर्डला दिला होता. म्हणजे जबाबदारी मेलेल्या माणसाची! पुढे त्या हुकुमाची नोंद असलेली वही सापडली. छावणीकडे ताबडतोब निघा, एवढंच तिच्यात होतं. ताबा घेण्याबद्दल अक्षर नाही.

चेम्सफर्डने जुलैत उलुंदी जिंकून नाव सावरलं. व्हिक्टोरिया राणीने त्याला मायेने वागवलं. पंतप्रधान डिझरायलीने मात्र त्याला आपल्या घरी बोलवायला नकार दिला. 1905 मध्ये लंडनच्या क्लबात बिलियर्ड्स खेळताना तो वारला. त्याचा मुलगा 1916 मध्ये आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन आला. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांतलं नाव त्याचंच.

डर्नफोर्डचं नाव धुऊन काढण्यासाठी नातालच्या बिशप कोलेन्सोची मुलगी फ्रान्सिस झटत राहिली. 1887 मध्ये ती गेली, अवघ्या अडतिसाव्या वर्षी.