केडगावच्या पंडिता रमाबाई : कुणापुढे वाकायचं, कुणापुढे नाही

पुण्याहून दौंडची गाडी पकडली की वाटेत केडगाव लागतं. इथे स्टेशनच्या जवळच मुक्ती मिशन ही निराधार बायका-मुलींची संस्था आहे, ती उभी केली रमाबाईंनी आणि आता स्क्रीनवर जो फोटो दिसतोय, पांढरं लुगडं, बारीक कापलेले केस, त्या पंडिता रमाबाई. बऱ्याच जणांना शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळींपुरत्याच माहीत असतात.

तर चर्चमध्ये आपण नेहमी ऐकतो, की देवाकडून येणारं शहाणपण नम्र असतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात तिसऱ्या अध्यायात आहेच ते, जो स्वतःला ज्ञानी समजतो त्याने ते लीनतेने वागून दाखवावं. ऐकायला छान वाटतं, पण खरोखर ज्ञानी असलेल्या माणसाने हे कसं करायचं? कारण अडाण्याला नम्र व्हायला काय लागतं हो, गंमत तर विद्वानाची आहे.

आणि रमाबाई विद्वान म्हणजे किती, तर वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून आधी बायकोला संस्कृत शिकवलं आणि मग आईने लेकीला, भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या, तेव्हा वय फक्त वीस. पण त्याआधीची वर्षं बघा, दुष्काळात आई, वडील, बहीण सगळे गेले आणि उरलेली ही दोघं भावंडं पुराणं सांगत पायी देशभर फिरत होती, कधी पोटाला मिळायचं, कधी नाही. ही भूक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे भाऊ गेला, लग्न झालं, दोन वर्षांच्या आत नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात छोटी मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथे एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. ज्या सिस्टर्सकडे, म्हणजे चर्चच्या जोगिणींकडे, त्या राहत होत्या त्यांची अपेक्षा होती की नवीन ख्रिस्ती झालेली ही हिंदुस्थानी बाई आता गुपचूप चर्चच्या अधिकाऱ्यांचं ऐकेल. रमाबाईंनी पत्रात चक्क लिहिलं, भारतातल्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टाने काढून टाकलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. सिस्टर्सना हा गर्व वाटला. मला नाही वाटत. देवापुढे वाकणं आणि बिशपपुढे वाकणं ह्यातला फरक तिला कळत होता एवढंच, आणि आपल्याकडे आजही "नम्र राहा" म्हणजे "पाळकसाहेब म्हणतील त्याला हो म्हणा" असा अर्थ घेतात तेव्हा मला हे पत्र आठवतं.

इकडे परत आल्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, विधवा मुलींसाठी, मग ते पुण्याला हलवलं. तिथे धर्मांतराच्या आरोपावरून मोठं वादळ झालं, मोठमोठी सल्लागार मंडळी बाजूला झाली. बाई हलल्या नाहीत. आणि १८९७ मध्ये पुण्यात प्लेग असताना हॉस्पिटलमध्ये बायकांची कशी आबाळ होते ते त्यांनी पेपरात लिहिलं, गव्हर्नरला ते अजिबात आवडलं नाही, तरी लिहिलं.

आता दुसरी बाजू. १८९६-९७ चा दुष्काळ. ही सरकारला न घाबरणारी आणि एकेकाळी स्वतः दुष्काळात उपाशी फिरलेली बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुलींना घेऊन आली, पोट खपाटीला गेलेलं, डोक्यात उवा, अंगावर फोड, कुणाची जात काय हे बघायला वेळच नव्हता. त्यांना न्हाऊ-खाऊ घालायचं काम कुणी केलं, तर शारदा सदनातल्या मुलींनी, ज्यातल्या बऱ्याच ब्राह्मण बालविधवा! सोवळ्यात वाढलेल्या पोरीने दुसऱ्या जातीच्या पोरीच्या डोक्यातल्या उवा काढायच्या, १८९७ मध्ये, विचार करा. याकोब ज्या ज्ञानाला दयेने भरलेलं आणि पक्षपात न करणारं म्हणतो ना, ते बहुतेक असंच दिसत असावं. पुढे १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही आल्या आणि केडगावला शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असं सगळं उभं राहिलं, अंध मुलींना ब्रेलसुद्धा शिकवायचे. (१९०५ च्या मुक्तीतल्या आध्यात्मिक जागृतीवर वेगळाच व्हिडिओ करावा लागेल, इथे मावणार नाही.)

शेवटची बरीच वर्षं ह्या पंडितेने बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणण्यात घालवली, त्यासाठी त्या भाषा मुळापासून शिकल्या, आणि ठरवलं असतं तर संस्कृताने भरलेली भारदस्त मराठी त्यांना सहज लिहिता आली असती, पण त्यांना ते हवं होतं नुकतंच वाचायला शिकलेल्या खेड्यातल्या बाईसाठी, म्हणून भाषा सोपी ठेवली. टाइप जुळवायला आणि छापायला मुक्तीच्याच मुली. मधेच १९१९ ला सरकारने लोकसेवेसाठीचं कैसर-ए-हिंद पदक दिलं, १९२१ ला मनोरमा गेली, बाईंचं काम चालूच. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या आणि पूर्ण बायबल छापून आलं १९२४ ला. आज बहुतेक मराठी चर्चमध्ये रविवारी वाचतात ते हे भाषांतर नाही, बायबल सोसायटीचं आहे. मुक्ती मिशन मात्र अजून सुरू आहे, निराधार बायका आणि मुली आजही तिथे राहतात.