हे झाकण नक्की कोणासाठी?

(दृश्य: अंधारी खोली. उशाजवळचा दिवा लागतो. एक हात गोळ्यांची डबी चाचपतो.)

रात्रीचे अडीच. डोकं ठणकतंय. डबी हातात आहे आणि झाकण कटकट आवाज करत नुसतंच गोल फिरतंय. त्यावर ‘दाबा आणि फिरवा’ असं उठवलंय खरं, पण पांढऱ्यावर पांढरं. दाबावं तर फिरवायचं राहतं, फिरवावं तर दाब सुटतो. शेवटी एकदाचं उघडतं. मग माणूस काय करतो? झाकण परत घट्ट लावतच नाही. नुसतं वर टेकवून झोपी जातो.

अशा वेळी पहिली शिवी सरकारला बसते. नियम करकरून साध्यासाध्या वस्तूंचं वाटोळं केलं म्हणून. या शिवीत तथ्य आहे, पण आपल्याला वाटतं तितकं नाही.

(दृश्य: छोटं टेबल, दोन छोट्या खुर्च्या. दोन मुलं, दोन डब्या.)

हे झाकण जिथून आलं, त्या खोलीत डोकावू. घरातली औषधं आणि रसायनं पोटात जाऊन लहान मुलं दगावत होती, म्हणून १९७० साली अमेरिकेत वेष्टनांसाठी कायदा झाला. त्याखाली चाचणी ठरली. साडेतीन ते सव्वाचार वर्षांची मुलं जोडीजोडीनं बसवायची, हातात डबी द्यायची आणि म्हणायचं, उघड बघू. पाच मिनिटं. नाही जमलं तर मोठं माणूस त्यांच्यासमोर एकदा उघडून दाखवतं. मग आणखी पाच मिनिटं, आणि आता दात लावले तरी चालतील असंही सांगायचं. एवढं करून शंभरातल्या किमान ऐंशी मुलांनी हात टेकले, तर डबी पास.

मोठ्या माणसांना ती उघडता यायला हवी, हेही नियमात होतंच. पण मोठी माणसं म्हणजे कोण? चाचणीत घेतली जायची १८ ते ४५ वयाची. धडधाकट मनगटांची. आता गोळ्यांच्या डब्या सर्वांत जास्त कोणाच्या उशाशी असतात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. संधिवाताची बोटं त्या खोलीत कधी गेलीच नव्हती. म्हातारी माणसं झाकणं उघडी ठेवू लागली, गोळ्या दुसऱ्या डब्यांत ओतू लागली, आणि घरी आलेल्या नातवंडांसमोर औषध परत उघड्यावर आलं.

१९९५ साली नियम बदलला. मोठ्यांच्या चाचणीत आता ५० ते ७० वयाची माणसं बसवायची. मुलं तीच, टेबल तेच. तरी झाकणं बदलली, कारण आता ताकदीवर भागेना. मुलाला न सुचणारी आणि आजीच्या बोटांना झेपणारी युक्ती शोधणं भाग पडलं. ही युक्ती आधीही शोधता आली असती. कोणी मागितली नव्हती, इतकंच.

(दृश्य: पेट्रोलचा लाल प्लास्टिक कॅन. तोटी गवत कापायच्या यंत्राच्या टाकीवर. गुडगुड आवाज. पेट्रोल बाहेर ओघळतं.)

आता नियमाविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा. जुन्या कॅनला पुढे तोटी असायची आणि मागे हवेचं एक बारीक भोक, त्याला छोटं बूच. पेट्रोल बाहेर पडलं की तेवढी हवा आत शिरते आणि धार सरळ लागते. पण त्याच वाटेनं वाफ उडते आणि शहरांवरचं विषारी धुकं वाढतं. म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं १ जानेवारी २००९पासून बनणाऱ्या कॅनना मर्यादा घातली. कॅनच्या दर गॅलन (साधारण पावणेचार लिटर) क्षमतेमागे दिवसाला ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ निघता कामा नये आणि तोटी आपोआप बंद झाली पाहिजे. बहुतेक उत्पादकांनी काय केलं? भोकच बुजवलं. गळायची एक जागा कमी, चाचणी सोपी. तोटीला स्प्रिंगा आणि खटके आले. आता हवा आत येणार ती तोटीतूनच, पेट्रोलला ढकलत. म्हणून ती गुडगुड, ते उचंबळणं, आणि सांडू नये म्हणून बनवलेल्या कॅनमधून बुटांवर सांडलेलं पेट्रोल.

भोक बुजवा, असं त्या नियमात कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण धार सरळ पडली पाहिजे, हेही लिहिलेलं नव्हतं. जे मोजलं गेलं ते सुधारलं. ओतणाऱ्या माणसाचं मोजमाप कोणी घेतलंच नाही.

(दृश्य: खटक्याचा जुना फ्रिज. दार बंद होतं.)

याच्या उलट हा फ्रिज. पूर्वी त्याच्या दाराला बाहेरून बसणारा खटका असे. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये खेळताना मुलं शिरत, दार लागे आणि ती आतच गुदमरत. १९५६ साली अमेरिकेत कायदा झाला. खटका कसला लावावा, हे तो सांगत बसला नाही. आतून सुमारे १५ पौंडांच्या जोरानं ढकललं की दार उघडलं पाहिजे, एवढंच ठरलं. उत्पादकांनी खटका काढला आणि दाराच्या रबरात चुंबकी पट्टी घातली. आज आपण दोन्ही हातांत भांडी असताना कोपरानं फ्रिज लावतो, ती सोय अशी पसरली.

(दृश्य: फ्लशची टाकी.)

संडासाच्या फ्लशची कथा या दोघांच्या मधली. १९९४पासून तिकडे घरगुती फ्लशला १.६ गॅलन, म्हणजे साधारण सहा लिटरांची मर्यादा आली. भांडं जुनंच ठेवून अनेकांनी फक्त पाणी कमी केलं आणि घरोघरी तुंबलं. पुढे २००३ साली स्वतंत्र चाचण्या सुरू झाल्या. सोयाबीनची घट्ट पेस्ट तोलून भांड्यात टाकायची आणि एका फ्लशमध्ये किती जाते ते बघायचं. (हसू नका, कोणीतरी हे गांभीर्यानं केलं म्हणून आपलं भागतंय.) निकाल जाहीर होऊ लागले आणि सहा लिटरांतच काम होऊ लागलं.

(दृश्य: गाडीचा मोठा काचेचा पडदा. बोट तीन वेळा चुकतं.)

आणि जिथे नियमच नव्हता? मे २०१८पासून अमेरिकेत नव्या गाड्यांना मागचं दाखवणारा पडदा सक्तीचा झाला. बटणं काढून त्यात कोंबा, असं कोणी सांगितलं नव्हतं. पण पडदा असणारच होता, आणि प्रत्येक बटणाचा साचा, तार, जोडणी वाचत होती. काच पुसण्यासारख्या कामासाठी रस्त्यावरची नजर हटवून पडद्यावरच्या यादीत शिरायची पाळी काही गाड्यांत आली. शेवटी गाड्यांची सुरक्षा तपासून त्यांना तारे देणाऱ्या युरोपातल्या ‘युरो एनकॅप’ला २०२६पासून सांगावं लागलं की इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांना हाताला लागणारं बटण नसेल तर गुण कापू. ही संस्था सरकार नव्हे. तिच्या ताऱ्यांची जाहिरात मात्र सगळ्यांनाच करायची असते.

(दृश्य: पुन्हा तोच दिवा, तीच डबी.)

परत डबीकडे. १९७०च्या त्या कायद्यातच एक पळवाट मुद्दाम ठेवलेली आहे. रुग्णानं मागितलं तर औषधवाला साधं झाकण देऊ शकतो. काही डब्यांचं झाकण तर दुहेरीच असतं. वरची बाजू मुलांना अडवणारी, आणि काढून उलटं बसवलं की साधं, दोन बोटांनी फिरणारं. बऱ्याच घरांत ते वर्षानुवर्षं सुलटंच बसवलेलं असतं.

(दृश्य: सुरकुतलेला हात झाकण काढतो, उलटं करतो, फिरवतो.)