सुट्ट्या पैशांतला चढ

नमस्कार श्रोतेहो.

इंग्लंडमध्ये सायकलवाल्यांच्या नकाशावर काही रस्त्यांपुढे ‘मॉडरेट’ असा शेरा असतो. आपण मनातल्या मनात त्याचं ‘मध्यम’ करतो आणि निर्धास्त होतो. मीही झालो होतो. सप्टेंबरच्या अखेरीस भाचीकडे ऑक्सफर्डला मुक्काम होता. तिने एक सायकल मिळवून दिली आणि कॉट्सवोल्ड्स भागातला एक फेरा आखून दिला. मोर्टन-इन-मार्श स्टेशनवर उतरायचं, गोल फिरून तिथेच परत यायचं. पंचेचाळीस-सेहेचाळीस किलोमीटर. पुण्याहून सिंहगडाला जाऊन यायला याहून जास्त पडतं. मी म्हटलं, “एवढंच?” ती काही बोलली नाही, पण पंक्चरचं सामान मात्र दोनदा तपासून दिलं.

सुरुवात फसवी आहे. मोर्टनहून ईव्हनलोड आणि पुढे ॲडलस्ट्रॉप, हा पट्टा नदीखोऱ्यातला, जवळजवळ सपाट. रस्ता जेमतेम एका गाडीपुरता, मधोमध कुठे कुठे गवताची रेघ. दोन्ही बाजूंना डोक्याच्याही वर गेलेली हेज, म्हणजे जिवंत झाडांचं कुंपण. त्यात काळीभोर ब्लॅकबेरी लगडलेली. एक पाय टेकवायचा, हात लांब करायचा आणि खायची. करवंदं खाताना जिभेला जो चीक लागतो तो नाही, पण बोटं तशीच जांभळी होतात.

या चिंचोळ्या रस्त्यांचा एक कायदा मला अजून पचलेला नाही. वेगमर्यादेची वेगळी पाटी नसेल आणि दिव्याचे खांब नसतील, तर इथेही मोटारीला ताशी साठ मैल, म्हणजे शहाण्णव किलोमीटर वेगाची मुभा! तेवढ्या वेगाने कोणी जात नाही, हा शहाणपणा चालवणाऱ्यांचा. उलट मागून आलेली गाडी रस्ता रुंद होईपर्यंत मुकाट मागेच राहते. सायकलला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर सोडा, असं तिथल्या वाहतुकीच्या नियमपुस्तकात २०२२ पासून स्पष्ट लिहिलंय. पण हॉर्न न वाजवता कोणी आपल्यामागे थांबलंय, याचंच आपल्याला दडपण येतं. मी दोनदा उगाच उतरून बाजूला उभा राहिलो.

ॲडलस्ट्रॉपच्या पुढे डेल्सफर्ड लागतं. गाव कसलं, चार घरं आणि एक चर्च. इथे मात्र मी सायकल भिंतीला टेकवली. चर्चच्या आवारात कलशाच्या आकाराचं एक स्मारक आहे. वॉरन हेस्टिंग्जचं.

वडगावचा तह आठवतो ना शाळेतला? मुंबईहून पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कोंडलं, महादजी शिंद्यांनी तह लिहून घेतला. कलकत्त्यात बसून ज्या गव्हर्नर जनरलने तो तह मानायला साफ नकार दिला, तो हा. पुढे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला तेव्हा कुठे लढाई थांबली. हा माणूस जन्मला इथून हाकेच्या अंतरावर, चर्चिल नावाच्या गावात. डेल्सफर्ड त्याच्या पूर्वजांचं वतन, पण हातचं गेलेलं. ते त्याने १७८८ साली परत विकत घेतलं. त्याच वर्षी लंडनला पार्लमेंटपुढे त्याच्यावर महाभियोग उभा राहिला. सात वर्षं चालला. सुटला निर्दोष, पण खर्चाने पार धुऊन निघाला. मग इथेच शेती केली. भूतानकडून आणवलेला एक याकसुद्धा पाळला होता म्हणे, आणि हे खोटं नाही, कारण त्या याकचं चित्र आहे.

तो वारला ऑगस्ट १८१८ मध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याच्या हवाली होऊन पेशवाईवर पडदा टाकला होता. तेव्हाचा गव्हर्नर जनरलही हेस्टिंग्जच, पण तो वेगळा, या घराण्याशी संबंध नाही. परीक्षेत या दोघांची गल्लत करून मी एकदा गुण घालवलेत, म्हणून मुद्दाम सांगतो. त्या आवारात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. एक कावळा होता. शिवी द्यावी की नमस्कार करावा हे ठरेना, तेव्हा बाटलीतलं पाणी प्यायलो आणि निघालो.

किंगहॅम, ब्लेडिंग्टन मागे पडलं आणि ‘मध्यम’चा अर्थ कळायला लागला. सिंहगडाचा घाट कसा, एकदा सुरू झाला की संपेपर्यंत चढच. मन तयार असतं, दम एका लयीत बसतो. इथला चढ मिळतो सुट्ट्या पैशांत. दोनशे मीटर अंगावर येणारा चढ, लगेच उतार, वळणावर ओढा, पुन्हा चढ. उतारात कमावलेला वेग पुढच्या चढावर टिकेल म्हणावं, तर नेमकं खाली वळण नाहीतर शेणाने माखलेला रस्ता, ब्रेक दाबावाच लागतो. दिवसाअखेर घड्याळाने सगळा चढ मिळून पाचशे मीटरच्या आसपास दाखवला. सिंहगडाच्या घाटाएवढाच, पण चिल्लर मोजून घेतलेला.

असाच एक चढ संपला आणि मागचं चाक बसलं. एका शेतकऱ्याने नुकतीच हेज छाटली होती. मार्चपासून ऑगस्टअखेर पक्ष्यांच्या घरट्यांसाठी छाटणीला बंदी असते, त्यामुळे सप्टेंबर उजाडला की ट्रॅक्टरला कटर लावून सगळे तुटून पडतात, आणि हॉथॉर्नचे काटे रस्ताभर विखुरतात. ट्यूब काढणं सोपं. अवघड काम पुढचं. टायरच्या आतून अंगठा हळूहळू फिरवायचा, काटा सापडेपर्यंत. घाईने नवी ट्यूब घातली तर तोच काटा तीही फोडतो. अंगठ्याला टोचला तेव्हा कळलं, टोक जेमतेम तांदळाच्या कणीएवढं. दातांनी धरून उपटला.

तेवढ्यात समोरून दोन घोडेस्वार बायका आल्या. भाचीने बजावलं होतं, घोडा दिसला की घंटी वाजवायची नाही, बुजतो. माणसाच्या आवाजात हाक द्यायची. मी गटाराकाठी बसून, काळ्या हातांनी, “गुड मॉर्निंग” म्हटलं. दुपारचा एक वाजला होता.

बोर्टन-ऑन-द-वॉटरबद्दल फार सांगत नाही. उथळ नदी, बुटके पूल, आणि महाबळेश्वरच्या बाजारपेठेत मे महिन्यात असते तेवढी गर्दी. तिथे फक्त फ्लॅपजॅक खाल्ला. ओट्स, लोणी आणि साखरेच्या पाकाची ही वडी म्हणजे इंग्रज सायकलवाल्यांची गूळपापडी.

पुढे लोअर स्लॉटर आणि अप्पर स्लॉटर. नाव ऐकून कत्तल आठवते, पण मूळ जुना शब्द चिखलाच्या जागेचा. म्हणजे आपलं चिखली खुर्द आणि चिखली बुद्रुक! अप्पर स्लॉटरमधून दोन्ही महायुद्धांत लढायला गेलेले सगळेच्या सगळे परत आले. अशी गावं इंग्लंडमध्ये बोटांवर मोजण्याइतकी. तिथे नदीवर पूल असूनही रस्ता पाण्यातून जातो. मी आपला पुलावरून गेलो.

लोअर स्वेलहून टेकडीवरच्या स्टो गावाला चढणारा रस्ता हा शेवटचा आणि सगळ्यात मोठा हप्ता. स्टो आठशे फुटांवर, वारा थेट तोंडावर. दाताचं सगळ्यात लहान चाक पुढे, सगळ्यात मोठं मागे, तरी अर्ध्यात उतरलो आणि ढकलत नेली. एक आजोबा, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठे, बसूनच पुढे गेले. जाता जाता म्हणाले, “छान दिवस आहे.” ढग होते.

स्टोहून मोर्टनला सरळ मोठा रस्ता आहे, रोमनांनी आखलेला, फॉस वे. तोच पुढे लिंकनपर्यंत जातो. अंतर कमी, पण मालमोटारी भरधाव. तो सोडून ब्रॉडवेलच्या उताराने खाली या. आणि हो, रेल्वेगाडीत सायकलची जागा आधी राखून ठेवा. मोजक्याच असतात. मी परतीची राखली नव्हती. गार्डने आधी सायकलकडे पाहिलं, मग माझ्या काळ्या हातांकडे, आणि दार उघडं धरलं.

नमस्कार.