जपानी हॉटेलात मित्रांबरोबर जाताय? थाळीची सवय घरी ठेवून जा

नमस्कार मंडळी! आपण कोकणातली माणसं हॉटेलात टेकलो की पहिला प्रश्न ठरलेला: "तुझी कुठली? सुरमई थाळी की बांगडा?" ज्याची थाळी त्याच्यापुढे. आता वेंगुर्ल्या-सावंतवाडीची पोरं बांद्यावरून गोव्यात उतरतात, गल्लीतल्या एखाद्या पाच-सहा टेबलांच्या जपानी हॉटेलात शिरतात आणि तिथेही तेच करतात. चौघांच्या चार सुशीच्या (भाताच्या छोट्या घासावर मासा) प्लेटी. बाहेर आल्यावर मग, "पैसे गेले, पोट काय भरलं नाय."

जपानमध्ये संध्याकाळी मित्रमंडळी जमतात ती जागा म्हणजे इझाकाया. तिथे छोट्या छोट्या डिश येतात, टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि सगळे त्यातून घेतात. ऑर्डरही एकदम देत नाहीत. दोन-तीन गोष्टी सांगायच्या, गप्पा मारायच्या, प्लेटी रिकाम्या झाल्या की पुढचं.

सुरुवातीला एदामामे मागवा: शेंगांसकट उकडलेले कोवळे सोयाबीन, वर मीठ. दाणे दातांनी ओढायचे, साल बाजूला.

मग साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप. आमच्यातला एक जण दरवेळी प्लेट बघून विचारतो, "ह्यां शिजवूक इसारले काय रे?" इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडे हमखास एक शहाणा निघतो: "आमच्या बंदरावरचा मासा तर ह्याहून ताजा, घरीच कापू की!" नका कापू. ताजेपणा वेगळा आणि कच्चं खाण्याजोगा असणं वेगळं. माशात जंत असू शकतात आणि मासा आत्ता होडीतून उतरला म्हणून ते मरत नाहीत. ते मरतात शिजवल्यावर किंवा कडक गोठवल्यावर. अमेरिकेतल्या सरकारी शिफारशीत उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस, किंवा उणे 35 अंशांना गोठवून 15 तास, असं दिलंय. घरातल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर ह्यासाठी भरवसा ठेवू नका. शिवाय गोठवल्याने जंत मरतात, जिवाणू सगळे मरत नाहीत. म्हणून साशिमी देणाऱ्याला बिनधास्त विचारा, मासा कुठून येतो, गोठवलेला असतो का. चांगला शेफ नीट उत्तर देतो. तो फणकारला तर तळलेलं मागवा.

आणि गंमत बघा, ज्या सॅल्मन माशासाठी आपण जातो तो कच्चा खायची जपान्यांनाही जुनी सवय नव्हती. 1980च्या दशकात नॉर्वेने आपला मत्स्यशेतीत वाढवलेला सॅल्मन तिथे खपवायला जोर लावला, तेव्हा तो सुशीवर चढला.

[प्लेट जवळून]

माझी आवडती डिश मात्र ही: साबा शिओयाकी. साबा म्हणजे बांगड्याचा भाऊबंद. मीठ लावून भाजलेला, बस. तिरफळ नाही, हळद नाही, आगळ नाही. कातडी बघा, फुगून जागोजागी करपलीय आणि कडेने तेल सुटलंय. हा मासा आपल्या बांगड्यापेक्षा तेलकट, म्हणून शेजारी किसलेला मुळा आणि लिंबू. मुळा सोडू नका, त्याच्याशिवाय चौथा घास जड होतो.

तेंपुरा आपल्याला परका वाटायचं कारण नाही. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, 1543 मध्ये ते जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले. पिठात बुडवून तळायची ही तऱ्हा जपान्यांनी त्यांच्याकडून उचलली असं मानतात. पुढे पोर्तुगीजांची व्यापारी जहाजं गोव्याहून निघून मकावमार्गे नागासाकीला जायची.

आता गँगमधला सोमवार पाळणारा. त्याला तुम्ही अगेदाशी तोफू, म्हणजे रश्श्यातला तळलेला सोयाबीनचा तोफू, देता, "पनीरसारखंच आहे" म्हणून. पण खालचा रस्सा आणि मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं) बहुतेक वेळा दाशी नावाच्या पातळ रश्श्यावर बनतं आणि दाशीत सुकवलेल्या माशाचा कीस असतो. कधी तोच कीस वर भुरभुरतात, वाफेने हलतो, म्हणून दिसतो तरी. रश्श्यातला दिसत नाही. कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाची किंवा शिताके मशरूमची दाशी आहे का, हे आधीच विचारा. उपास मोडल्यावर नको.

चॉपस्टिक जमत नसतील तर चमचा मागा, कुणी हसत नाही. फक्त भातात त्या उभ्या खोचू नका, जपानमध्ये तसा भात मेलेल्या माणसापुढे ठेवतात. चॉपस्टिकमधून चॉपस्टिकमध्ये घासही देऊ नका, दहनानंतर अस्थी तशा उचलतात. आणि बिअर असेल तर आपला ग्लास आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा. आपल्या पोरांना हा नियम फारच पटतो!

तर चौघं असाल तर एक एदामामे, एक साशिमी, एक साबा, एक तेंपुरा आणि सुशीची एकच प्लेट. भूक उरलीच तर शेवटी दोन बोल रामेन (रश्श्यातले नूडल्स), चौघांत. सुशी हाताने खाल्ली तरी चालते. सोया सॉसमध्ये माशाची बाजू टेकवा, भाताची नको. भात बुडवलात की तो सुटतो आणि निम्मी सुशी वाटीत शोधत बसावी लागते.