अक्षांशाइतका उतार

मित्रहो, परदेशात बरीच वर्षे काढून मायदेशी राहायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "का परत आलात?" माझ्या वाट्यालाही तो पुष्कळ आला आणि त्याचे उत्तर मी दरवेळी थोडे वेगळे दिले आहे. आई-वडिलांचे वय, मुलांची भाषा, आपल्या माणसांची ओढ ही सगळी कारणे खरीच असतात. परंतु येण्याचे कारण आणि राहण्याचे कारण एकच असते असे नाही. जो परततो त्याला इथे टिकवून ठेवते ते इथल्या मातीतून, हवेतून, अडचणींतून निघालेले काम, असे माझे ठाम मत आहे, आणि आज मी तेवढ्याच एका गोष्टीबद्दल बोलणार आहे.

उदाहरण आपल्या जवळचेच घेतो. नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय दुर्बिणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. त्या ज्यांनी उभ्या केल्या ते गोविंद स्वरूप एकदा नव्हे, दोनदा परत आले होते. १९५३ मध्ये ते ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्र, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपून केलेला अभ्यास, शिकायला गेले. तिथे सिडनीजवळ या लहरी टिपणाऱ्या, सहा फूट व्यासाच्या बत्तीस डिश वापरातून निघणार होत्या. त्या भारताला भेट म्हणून मिळाव्यात यासाठी त्यांनी शब्द टाकला आणि तो मानलाही गेला. स्वरूप दिल्लीला परतले, पण त्या डिश जहाजाने आणण्याचा खर्च कोणी करायचा यावर गाडे अडले. हातात काम नाही, साधने नाहीत, अशा स्थितीत १९५६ मध्ये ते अमेरिकेला गेले. त्यांची देशाची ओढ तेव्हा कमी होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. ओढ होती, पण जिच्यावर हात ठेवून काम सुरू करावे अशी वस्तू नव्हती.

पुढे १९६१ मध्ये स्वरूप, मेनन, कुंडू आणि कृष्णन या परदेशात असलेल्या चौघा भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी मिळून भारतातल्या काही संस्थांना प्रस्ताव पाठवला की, आम्ही एकत्र येऊन इथे या विषयाचे काम उभे करू इच्छितो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक होमी भाभांनी जानेवारी १९६२ मध्ये तारेने होकार कळवला. आपल्याकडच्या पत्रव्यवहाराचा वेग ज्यांना ठाऊक आहे त्यांना या तारेचे मोल वेगळे सांगायला नको. १९६३ मध्ये स्वरूप मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले, आणि त्यांचे पहिले साधन कोणते होते? त्याच बत्तीस डिश! दरम्यान त्या दिल्लीला पोहोचून तशाच पडून होत्या. स्वरूप यांनी त्या मागवून घेतल्या आणि नुकतेच प्रशिक्षण संपवून आलेल्या तरुणांना हाताशी धरून १९६५ मध्ये कल्याणजवळ त्यांची रांग उभी केली, सूर्याचे निरीक्षण सुरू केले.

त्यानंतर जे झाले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. उटीजवळच्या एका डोंगराचा उत्तर-दक्षिण उतार तिथल्या अक्षांशाइतकाच, म्हणजे सुमारे अकरा अंशांचा आहे, हे हेरून स्वरूप यांनी त्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण बसवली. अशा उतारामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला आपोआप समांतर होतो, आणि ती केवळ एका आसाभोवती फिरवून आकाशातला एखादा स्रोत तासन्‌तास टिपता येतो. १९७० मध्ये ती सुरू झाली. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या अक्षांशांवर ही युक्ती साधली नसती, कारण तिथे अक्षांश बरेच जास्त, आणि तेवढ्या तीव्र उताराच्या कड्यावर ती उभारायची कशी? खोडद आणि परिसरातल्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस डिशचेही तसेच आहे. तिथे बर्फ पडत नाही, म्हणून जड पत्र्याऐवजी ताणलेल्या बारीक तारांची जाळी पुरते. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता येतो, आणि खर्चही आवाक्यात राहतो. स्वरूप बाहेरून विद्या घेऊन आले होते, पण हे आराखडे इथला डोंगर आणि इथली हवा पाहून झाले.

माझे स्वतःचे क्षेत्र याहून फार साधे, कारखान्यातल्या यंत्रांच्या देखभालीचे. जर्मनीत चौदा वर्षे काढून मी चाकणच्या एका कारखान्यात रुजू झालो आणि पहिल्याच महिन्यात तिथल्या पद्धतीबरहुकूम देखभालीचे सुबक वेळापत्रक भिंतीवर लावले. दाबाखालच्या हवेच्या नळीतले पाणी आठवड्यातून एकदा काढावे, असे त्यात लिहिले होते. जुलैत झडपा अडकू लागल्या. तिथले ज्येष्ठ फोरमन मला नळीपाशी घेऊन गेले आणि काही न बोलता त्यांनी तळाचा कॉक उघडला. भांडेभर गढूळ, गंजाच्या रंगाचे पाणी निघाले. "साहेब, हे आजच्या एका पाळीचं आहे," एवढेच ते म्हणाले. पावसाळ्यातली दमट हवा दाबली की तिच्यातले पाणी सुटणार, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. ते कागदावर उतरवायला मात्र मी विसरलो होतो. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून वेळापत्रक नव्याने लिहिले, आणि या देशात माझी नोकरी खऱ्या अर्थाने त्या संध्याकाळी सुरू झाली असे मी मानतो.

घरीही काहीसे असेच झाले. आईने माझ्यासाठी कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवला होता, एकच. बाकीच्या घरात तिची भिशी, तिचे भजनी मंडळ, तिची औषधे आपापल्या जागी होती. मी तिला सांभाळायला आलो होतो. तिने तिच्या दिवसात मला जागा करून दिली.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याकडे दुर्लक्ष करून आलेल्यांचे हाल मी पाहिले आहेत. अनिवासी खाती परतल्यावर निवासी करून घ्यावी लागतात. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यांना आयकर कायद्यात सुरुवातीची दोन-तीन वर्षे परदेशी उत्पन्नाबाबत सवलत मिळू शकते, तेव्हा येण्याची तारीख सल्लागाराला विचारून ठरवावी. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले त्यांचे भारतीय नागरिकत्व संपते. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर इथे राहता येते, बहुतेक नोकऱ्या करता येतात, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. संशोधन करायचे असेल तर, २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे, विशेष परवानगी लागते. ज्यांच्याकडून आपण कल्याणच्या रांगेसारखे काही उभे राहण्याची अपेक्षा धरतो, त्यांच्या वाटेत हा अडसर असावा याचे मला मनापासून वाईट वाटते.

पत्र लिहिणाऱ्या त्या चौघांपैकी कुंडू आणि मेनन काही वर्षे इथे काम करून पुन्हा परदेशी गेले. त्यांना कोणी दोष देऊ नये. कल्याण आणि उटीच्या काळात त्यांचा हात लागलाच. स्वरूप २०२० मध्ये पुण्यात वारले, तोवर इथेच होते. उटीची दुर्बीण अजून काम करते. तुमच्यापैकी जे परतण्याच्या विचारात आहेत त्यांनी सुटीवर याल तेव्हा एक दिवस नातेवाइकांकडून मागून घ्यावा, ज्या कामासाठी येणार आहात त्या जागी जावे, आणि तिथे आधीपासून हात काळे करणाऱ्या माणसाला तळाचा कॉक उघडून दाखवायला सांगावे.